नॉर्फोकचा छकडा

मराठी माणूस नवी मोटार बघायला गेला म्हणजे त्याचे तीन प्रश्न ठरलेले असतात. माणसे किती बसतात? सामान किती मावते? आणि ॲव्हरेज काय देते? आपले सगळे वाहनशास्त्र या तीन प्रश्नांत आले. मोटार म्हणजे आपल्या लेखी चाकांवर ठेवलेली एक खोलीच! तीत आजी बसली पाहिजे, लाडवांचा डबा बसला पाहिजे, आणि निघतानिघता शेजारचे काका "मलाही स्वारगेटला सोडा" म्हणाले, तर तेही बसले पाहिजेत. अशा संस्कारांत साठी उलटलेल्या माणसाने इंग्लंडात जाऊन दोनच माणसांची, बिनछपराची आणि जवळजवळ बिनदारांची गाडी पाहावी, आणि वर तीत बसून मैलोगणती भटकून यावे, हा योग काही रोजचा नव्हे.

माझा भाचा श्रीधर नॉरिचला असतो. गेल्या मे महिन्यात मी पंधरा दिवस त्याच्याकडे राहून आलो. निघताना ताईने, म्हणजे श्रीधरच्या आईने, माझ्याबरोबर थालीपिठाची भाजणी दिली, मेतकूट दिले आणि एक कामगिरीही दिली.

"त्याला ते खेळणं विकायला सांग," ती म्हणाली. "दोन पोरांचा बाप झालाय आता. वर छप्पर नाही, बाजूला धड दार नाही, आणि रस्त्यावर ट्रक काय थोडे असतात? माझं ऐकत नाही. मामाचं ऐकेल."

मी तीस वर्षे जिल्हा कोर्टात वकिली केलेला माणूस. कागद पाहिल्याशिवाय कुणाला शब्द देत नाही. बहिणीलाही दिला नाही. "बघतो," एवढेच म्हणालो.

नॉरिच हे इंग्लंडच्या पूर्व अंगाला नॉर्फोक परगण्याचे मुख्य गाव. लंडनहून आगगाडीने दोनेक तासांवर. गावात १०९६ साली बांधायला घेतलेले कॅथीड्रल आहे, आणि विम्याचा जुना धंदा आहे. १७९७ साली इथे नॉरिच युनियन ही विमा संस्था निघाली. तेव्हापासून विमा या गावाच्या पोटापाण्याशी जोडला गेला. श्रीधरही एका विम्याच्याच कचेरीत जोखमीचे हिशेब करतो. कोणत्या वयाचा माणूस कोणत्या कारणाने किती वर्षांनी जाण्याचा संभव आहे, याची कोष्टके मांडून पगार घेणारा हा गृहस्थ. आणि याच्याच गॅरेजात ही गाडी! हा पुरावा ताईच्या बाजूचा मानावा की श्रीधरच्या, ते मला पहिल्या दिवशी ठरवता येईना.

परगणा मोठा शांत. जमीन सपाट, आभाळ भले मोठे, आणि जागोजाग गारगोटीच्या दगडांनी बांधलेली जुनी देवळे. गावांची नावे लिहायची एक आणि म्हणायची एक. लिहिताना वायमंडहॅम वाटावे अशा गावाला लोक 'विंडम' म्हणतात, आणि 'हॅपिसबर्ग' वाटते त्याला 'हेझबरा'. या परगण्यात मोटरवे एकही नाही. रस्ते शेतांच्या बांधाबांधाने जातात. बांध वळला की रस्ता वळतो. दोन्ही बाजूंना कुंपणाची दाट झुडपे. समोरून मोठी गाडी आली तर दोघांपैकी एकाने अदबीने मागे सरायचे. मोठ्या गाडीला हे रस्ते म्हणजे बोळात शिरलेल्या हत्तीची गत. पण श्रीधरची गाडी रुंदीला दीड मीटरही नाही. आपल्या जुन्या मारुती आठशेहून बोटभर जास्त, इतकेच. हे रस्ते जणू तिच्यासाठीच कुणी आखले आहेत.

गाडी मी पाहिली ती गॅरेजात, दिव्याच्या उजेडात. कॅटरहॅम सेव्हन तिचे नाव. त्यातली १७० ही जात, २०२१ साली निघालेली. पुढे लांबट नाक, नाकाच्या बाजूंना उघडी चाके, चाकांवर सायकलच्या मडगार्डासारखी मडगार्डे, आणि मागच्या चाकांना पाठ टेकून दोन माणसांची बैठक. आत बसून हात खाली सोडला तर जमिनीला लागतो. दारे म्हणून कापडाचे दोन पडदे. हवे तेव्हा लावायचे, नको तेव्हा काढून घरी ठेवायचे. रेडिओ नाही, थंड हवा नाही, खिडकी वरखाली करणारे बटण नाही, कारण खिडकीच नाही. चढण्याची रीत अशी, की आधी एक पाय आत, मग दुसरा, आणि मग देवाचे नाव घेऊन खाली घसरायचे. गाडीत माणूस बसतो असे म्हणण्यापेक्षा माणूस गाडी अंगात घालतो असे म्हणावे.

"वजन किती असेल, सांगा मामा," श्रीधर म्हणाला.

मी हजार किलो म्हटले. तो हसला. चारशे चाळीसच्या आसपास! म्हणजे एखाद्या चांगल्या मुऱ्हा म्हशीइतके. आणि इंजिन? तिथे तर माझ्या ओळखीचे नाव निघाले. इंजिन सुझुकीचे, तीन सिलिंडरचे, ६६० सीसीचे. १९८३ साली आपल्याकडे जिने मोटार मध्यमवर्गाच्या दारात आणून उभी केली, त्या मारुती आठशेचे इंजिनही सुझुकीचेच, तीन सिलिंडरचेच. पण ७९६ सीसीचे! म्हणजे ही शर्यतीची मानलेली गाडी आपल्या मारुतीपेक्षाही लहान काळजाची. हवा दाबून भरणाऱ्या टर्बोच्या जोरावर ते ८४ अश्वशक्ती देते. आकडा ऐकायला काहीच नाही. पण वजनाने भागून पाहा. दोन टनांच्या गाडीला हेच प्रमाण साधायचे, तर ३८० अश्वशक्तीचे इंजिन लागेल.

या गाडीची वंशावळ ऐकण्यासारखी आहे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इंग्लंडात पोलादाची टंचाई, पेट्रोलला रेशन, आणि तरण्या पोरांच्या खिशात पैसे नाहीत. लंडन विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बांधकामाचे इंजिनियरिंग शिकणारा कॉलिन चॅपमन नावाचा असाच एक पोरगा होता; जन्म १९२८ चा. त्याने एका जुन्या ऑस्टिन सेव्हनच्या सांगाड्यावर आपल्या हाताने शर्यतीची गाडी उभी केली. पुढे १९५२ साली त्याने लोटस ही कंपनी काढली. उत्तर लंडनमधल्या हॉर्न्सीला त्याच्या वडिलांचे रेल्वे हॉटेल होते. त्यामागच्या तबेल्यात कारखाना सुरू झाला. मोठे इंजिन परवडत नाही, तर गाडीच हलकी करू, हा त्याचा हिशेब. पूल बांधायला शिकलेला माणूस तो. कोणती दांडी खरोखर भार घेते आणि कोणती नुसतीच दिमाखाला उभी आहे, हे त्याला दिसत असे. गाडी आधी सोपी करावी आणि मग तीत हलकेपणा भरावा, असे सूत्र त्याच्या नावावर सांगतात. हलकेपणा भरावा! मीठ घालावे तसा!

१९५७ साली त्याने लोटस सेव्हन काढली. त्या काळी इंग्लंडात तयार मोटारीवर जबर खरेदीकर असे. पण सुटे भाग घेऊन घरी गाडी जोडली तर तो टळत असे. म्हणून सेव्हन पेट्यांतून विकली जाई. मात्र सोबत जोडणीचे पुस्तक दिले तर करसवलत जाईल, अशी अडचण होती. तेव्हा गाडी सुटी कशी करावी याची माहिती गिऱ्हाइकाला देत, आणि त्याने ती शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायची, असे सांगतात. कायद्याचा जन्मभर अभ्यास केलेला मी; ही वाट ज्याला सुचली त्याला मनोमन नमस्कार केला. १९७३ साली चॅपमनने ही गाडी सोडली आणि तिचे हक्क सरे परगण्यातल्या कॅटरहॅम गावच्या विक्रेत्याने घेतले. तेव्हापासून ती त्या गावाच्या नावाने ओळखली जाते. खरेदीकर त्याच वर्षी गेला. पण पेट्या उघडून घरी गाडी जोडण्याची हौस काही गेली नाही.

श्रीधरनेही एक अख्खा हिवाळा गॅरेजात घालवून ती जोडली. ही खाज त्याला लागली कुठून, हे ताईला ठाऊक नाही. मला त्याने सांगितले. इंजिनियरिंगला असताना मित्रांबरोबर तो गोव्याला गेला होता. गोव्यात तेव्हा सॅन स्टॉर्म नावाची, फायबरच्या अंगाची, छोट्या रेनो इंजिनाची दोन माणसांची मोटार तयार होत असे. तिचा कारभार फार दिवस चालला नाही. पण मडगावच्या रस्त्यावर श्रीधरने ती एकदा पाहिली, आणि पोराच्या डोक्यात बी पडले. पडायला गोवा, उगवायला नॉर्फोक!

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. मृणालने, माझ्या भाचेसुनेने, मला स्वेटर दिला, त्यावर श्रीधरचे जाकीट दिले आणि मी पुण्याहून नेलेली कानटोपी स्वतः माझ्या डोक्यावर घट्ट बसवली. होल्ट गावाच्या रस्त्याने उत्तरेच्या समुद्राकडे जायचे. वाट पंचवीसेक मैलांची.

गाव मागे पडले आणि माझ्या ध्यानात आले, की मी आजवर मोटारीतून रस्ता पाहिलाच नव्हता. काचेतून त्याचे चित्र पाहिले होते. इथे रस्ता माझ्या कोपराशी होता. ओल्या गवताचा वास येत होता, मग खताचा, मग कुणाच्या तरी चुलाण्यातल्या लाकडाच्या धुराचा. झाडाखालून गेलो की गारवा गालाला लागायचा. उन्हात आलो की ऊब. वळण आले की श्रीधर मनगट जेमतेम हलवी आणि गाडी वळलेली असे. अंग झुकत नाही, डुलत नाही, मागून ओढत नाही. वेगाच्या काट्याकडे पाहिले तर पन्नास मैल! तिथल्या अशा रस्त्यांची मर्यादा साठ. मला वाटले होते, आपण नव्वदीत आहोत.

होल्टला चहा घेतला आणि श्रीधरने किल्ली माझ्या हातात दिली. आपला भारतीय परवाना पाहुण्याला तिथे वर्षभर चालतो. विम्याची सोय या विम्याच्या माणसाने आधीच करून ठेवली होती. वाहने तिकडेही डाव्याच बाजूने. नाही म्हणायला मला कलमच सापडेना.

होल्टहून क्लायपर्यंतचा तो चार-पाच मैलांचा रस्ता मी चाळिशीच्या वर गेलो नाही. पण तसा रस्ता मी जन्मात चालवलेला नाही. चाक हातात धरले की पुढच्या चाकांखाली काय आहे ते तळहाताला कळते. खडी कुठे, ओल कुठे, डांबराचे ठिगळ कुठे. ब्रेकला पाय लावला की जेवढे म्हणावे तेवढेच ती थांबते. घोड्यावर पक्के बसण्याला आपल्याकडे मांड म्हणतात. मांड ही काही लगामात नसते. ती बैठकीत असते. या गाडीत मला पहिल्यांदा मोटारीवर मांड बसल्यासारखे वाटले. पुढे श्रीधरने सांगितले, की जपानी लोकांनी हीच गोष्ट नेमकी पकडली. इंग्रजांचे छोट्या गाड्यांचे कारखाने बंद पडत गेले. ॲबिंग्डनचा एमजीचा कारखाना १९८० साली मिटला. मग १९८९ साली माझदाने एमएक्स-५ ही हलकी, दोन माणसांची, उघडी गाडी काढली आणि २०१६ पर्यंत दहा लाख विकल्या. तिच्या कर्त्यांचे ब्रीद होते 'जिन्बा इत्ताई', म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव. जपानला जे शब्द सुचले ते आमच्या बारगीर-शिलेदारांनाही समजले असते.

आणि खरे म्हणजे आपल्या खेड्यात हे ज्ञान होतेच. माल वाहायचा तर गाडा, बायकामुलांनी जायचे तर दमणी, आणि शर्यतीला छकडा. छकड्यात काय असते? दोन चाके, एक दांडी, आणि हाकणाऱ्यापुरती जागा. बैल तेच, पण ओझे काढून घेतले की त्याच बैलांना पंख फुटतात. चॅपमनने बैल बदलला नाही, गाडा बदलला. वजन उतरले की लहान इंजिन पुरते. लहान इंजिनाला लहान ब्रेक, लहान चाके, थोडे पेट्रोल पुरते. त्याने वजन आणखी उतरते. वजन वाढले की हीच साखळी उलटी फिरते. मोठे इंजिन फक्त सरळ रस्त्यावर कामाला येते. हलकेपणा वळणावरही येतो, थांबतानाही येतो.

क्लायला समुद्राच्या अलीकडे बोरूंचे विस्तीर्ण पाणथळ रान आहे आणि त्याच्या कडेला जुनी पवनचक्की. तिथे आम्ही भाजणीचे थालीपीठ खाल्ले. श्रीधर बोलत होता. कचेरीविषयी, पोरांविषयी, लहानपणी मी त्याला सायकल शिकवली त्याविषयी. घरी आठ दिवसांत तो एवढे बोलला नव्हता. मग एकदम म्हणाला, "मामा, आईनं सांगितलेलं ठाऊक आहे मला. जाहिरात लिहून ठेवलीय मी. तुम्ही म्हणालात तर उद्या देतो."

मी निकाल राखून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला हेथेलला घेऊन चल म्हटले. विंडमजवळचे हे चिमुकले गाव. महायुद्धात इथे विमानतळ होता. १९४३ पासून अमेरिकेची लिबरेटर बाँबफेकी विमाने इथून उडत. त्याच विमानतळावर चॅपमनने १९६६ साली लोटसचा कारखाना आणला आणि जुन्या धावपट्ट्यांवर गाड्या पारखायचा मार्ग केला. इथेच १९९६ मध्ये एलिस जन्मली. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या सरसाने चिकटवून केलेला सांगाडा, आणि सगळी गाडी सव्वासातशे किलोंच्या आसपास. २०२१ साली ती बंद झाली. आणि त्याच लोटसच्या नावाने नंतर निघालेली विजेची मोठी गाडी, चीनमध्ये बांधली जाणारी एलेत्रे, सुमारे अडीच टनांची आहे! तीन एलिस एका पारड्यात घातल्या तरी एलेत्रेचेच पारडे खाली. मोठ्या बॅटऱ्या जड, अपघातात माणूस वाचवणारे पोलाद जड, आणि माणसाच्या सोयींना तर अंत नाही. यात कुणाची लबाडी नाही. ज्याचे त्याचे कारण खरे आहे.

ताईचे कारणही खरेच होते, हे त्या कारखान्याच्या कुंपणापाशी उभा असताना मला सोडता येईना. चॅपमनच्या शर्यतीच्या गाड्यांनी सात वेळा जगातली अव्वल पदवी जिंकली. आणि त्या नको इतक्या नाजूक असतात, ही टीकाही त्याच्या हयातीत होत असे. दोन वेळा जगज्जेता झालेला जिम क्लार्क १९६८ च्या एप्रिलमध्ये हॉकनहाइमला लोटसमध्येच गेला. योखेन रिंट १९७० साली मॉन्झाला गेला, आणि त्या वर्षीचे अजिंक्यपद त्याला मरणोत्तर मिळाले. हलकेपणाची रेघ कुठे तरी संपते. श्रीधरची गाडी शर्यतीत धावत नाही हे खरे. पण समोरून दोन टनांचे धूड चुकून अंगावर आले, तर चारशे चाळीस किलोंच्या बाजूने निसर्गाचा कोणताही नियम उभा राहणार नाही. विम्याच्या माणसाला हे मी सांगायला नको होते. त्याच्या कोष्टकात ते होतेच.

रात्री जेवणे झाल्यावर मी मृणालला विचारले. घरातला महत्त्वाचा साक्षीदार शेवटी बोलावावा. ती म्हणाली, "मामा, आधी मलाही विकावीशी वाटायची. पण हा आठवडाभर पडद्यासमोर बसून घरी येतो तो कचेरीसकट येतो. रविवारी त्या गाडीतून येतो तो एकटाच येतो. मला तो माणूस हवाय."

मी निकाल दिला तो असा. गाडी विकू नये. ट्रकांच्या हमरस्त्याला ती नेऊ नये. पहाटेचे गावरस्ते तिचे. पोरे मोठी होईपर्यंत शेजारच्या आसनावर बसणार नाहीत. त्यांच्यासाठी घरची चार दारांची गाडी आहे. जाहिरात श्रीधरने माझ्यासमोर फाडली. ताईला मी फोनवर कारणांसकट सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "चाळीसच्या वर गेला नाहीस ना?" मी नाही म्हटले. "मग त्यालाही तेवढंच सांग." अपील तिने राखून ठेवले आहे, असे मी धरून चालतो.

परतीच्या विमानात माझ्या मनात घोळत होते ते एवढेच, की या गाडीची मौज वेगाची नाही. जड आणि ताकदवान गाडीत वेग जाणवायला कायदा मोडावा लागतो. हलक्या गाडीत तो कायद्याच्या आत, चाळीस मैलांवर भेटतो. माणसाच्या हातात, पायात, कानात जेवढे मावते तेवढ्यातच सगळे पुरे होते. आपल्या मापाची वस्तू वापरण्यात एक समाधान असते. आपल्या हातच्या कोयत्यात असते, आपल्या पायाला बसलेल्या कोल्हापुरीत असते. मोटारीत ते सापडेल असे मला वाटले नव्हते. कॅटरहॅमवाल्यांनी २०२३ साली सेव्हनची विजेवर चालणारी प्रायोगिक गाडी तयार केली. वजन सातशे किलोंच्या आत. पेट्रोलच्या सेव्हनपुढे हे जडच, पण इतरांपुढे कापूस. म्हणजे छकडा हाकण्याची हौस असलेली माणसे अजून कामाला लागलेली आहेत.

हेथेलच्या देवळाजवळ काटेरी हॉथॉर्नचे एक म्हातारे झाड आहे. सातशे वर्षांचे म्हणतात. पोटातून पोकळ झाले आहे, फांद्यांना टेकू दिले आहेत, आणि तरी त्या मे महिन्यात ते पांढऱ्या फुलांनी भरले होते. आम्ही तिथे उभे असताना कारखान्याच्या मार्गावरून कुठली तरी गाडी वळण घेत गेल्याचा आवाज आला. गाडी दिसली नाही. श्रीधरने कान दिला आणि म्हणाला, "हलकी आहे."